कॅनाव्हालिया रोझिया

कॅनाव्हालिया रोझिया ही समुद्रकिनाऱ्यावरील वाळूत, भरतीरेषेच्या वर आणि वालुकागिरींच्या समुद्राकडील उतारावर पसरणारी बहुवर्षायू वेल आहे. ती फॅबेसी (शिंबावंत) कुलातील पलाश उपकुलात मोडते. भाजीसाठी लावली जाणारी अबई याच प्रजातीतील असल्याने या लेखात तिचा उल्लेख सोयीसाठी 'किनारी अबई' असा केला आहे. उष्ण कटिबंधातील जवळजवळ सर्व महासागरांच्या किनाऱ्यांवर ही वेल नैसर्गिकपणे आढळते. भारतात ती पश्चिम व पूर्व अशा दोन्ही किनाऱ्यांवर असून कोकण आणि गोव्यातील पुळणींवर मर्यादवेलीच्या सोबतीने वाढते.

तीन पर्णिकांचे जाड पान, पर्णिकेचे गोलसर व किंचित खाचदार टोक, उलटे उमललेले गुलाबी-जांभळे फूल आणि कडेला उंच कंगोरे असलेली जाड शेंग या खुणांवरून ती ओळखता येते. तथापि, तिच्यासारख्या दिसणाऱ्या वेली किनाऱ्यावर व किनाऱ्यालगत अनेक आहेत. तिच्या कच्च्या बिया विषारी असल्याने ही ओळख केवळ वनस्पतिशास्त्रीय हौसेपुरती उरत नाही.

नाव व वर्गीकरण

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ ओलोफ स्वार्ट्‌स यांनी वेस्ट इंडीजमधील नमुन्यांवरून १७८८ मध्ये या जातीचे वर्णन 'डॉलिकॉस रोझियस' या नावाने केले. पुढे १८२५ मध्ये ओग्युस्तँ पिराम द कांदोल यांनी ती कॅनाव्हालिया प्रजातीत आणली आणि आजचे नाव रूढ झाले. 'रोझिया' हे विशेषण फुलांच्या गुलाबी रंगावरून आले आहे. जुन्या ग्रंथांत आणि शोधनिबंधांत हीच वेल 'कॅनाव्हालिया मॅरिटिमा' किंवा 'कॅनाव्हालिया ऑब्ट्युसिफोलिया' या नावांनी आढळते. 'ऑब्ट्युसिफोलिया' म्हणजे बोथट टोकाच्या पानांची, आणि ओळखीच्या दृष्टीने हे टाकून दिलेले नाव चालू नावापेक्षा अधिक उपयोगाचे आहे, कारण या प्रजातीतील कितीतरी जातींची फुले गुलाबी असतात. जुनी नोंद वाचताना ही तिन्ही नावे एकाच जातीची आहेत हे लक्षात न घेतल्यास एका किनाऱ्यावर तीन वेगवेगळ्या वेली असल्याचा भास होतो.

'कॅनाव्हालिया' हे प्रजातीचे नाव मुळात युरोपीय नाही. मलबारातील एका स्थानिक वेलनावावरून ते घडले असून ते नाव 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथामार्फत युरोपात पोहोचले. कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रेडे याने संकलित केलेला हा ग्रंथ ॲम्स्टरडॅम येथे १६७८ ते १६९३ या काळात १२ खंडांत प्रसिद्ध झाला. त्याच्या सिद्धतेत इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याबरोबर रंगा भट, विनायक पंडित व अप्पु भट या तीन कोकणी वैद्यांचा सहभाग होता. त्यांनी १६७५ मध्ये दिलेली साक्ष पहिल्या खंडात देवनागरी लिपीतील कोकणी भाषेत छापलेली आहे. किनारी अबईच्या शास्त्रीय नावामागे अशा प्रकारे भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचीच माहिती आहे.

या प्रजातीचा आधुनिक आढावा जोनाथन सॉवर यांनी १९६४ मध्ये 'ब्रिटोनिया' या नियतकालिकात घेतला. आजही जातींची विभागणी करताना त्यांनी वापरलेल्या फुलांच्या, शेंगांच्या व बियांच्या लक्षणांचा आधार घेतला जातो.

इंग्रजीत 'बीच पी' म्हणजे किनाऱ्यावरचा वाटाणा, आणि 'बीच बीन' म्हणजे किनाऱ्यावरचा घेवडा, ही दोन्ही नावे निरनिराळ्या वनस्पतींना सैलपणे लावली जातात. उत्तरेकडील थंड प्रदेशांतील किनाऱ्यांवर 'बीच पी' म्हटले की 'लॅथिरस जॅपोनिकस' ही जाती अभिप्रेत असते. विदर्भात पिकणारी लाखोळी ही त्याच लॅथिरस प्रजातीतील होय. लॅथिरस जॅपोनिकसची पाने पिसासारखी संयुक्त असून त्यांच्या टोकाला वाटाण्याप्रमाणे ताणे असतात. ती भारताच्या किनाऱ्यावर उगवत नाही. किनारी अबईच्या पानांना ताणे मुळीच नसतात, त्यामुळे तिला वाटाणा म्हणण्यापेक्षा अबई किंवा घेवडा म्हणणे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही अधिक बरोबर आहे.

वर्णन

वाळूत खोलवर जाणारे जाड सोटमूळ आणि त्यापासून चहूबाजूंना जमिनीसरशी पसरणाऱ्या लांब फांद्या असे या वेलीचे रूप असते. फांद्या सहा मीटर किंवा त्याहूनही लांब होतात. जुन्या फांद्या काष्ठमय व दोरासारख्या चिवट असून कोवळ्या भागावर बारीक, चिकटून बसलेली लव असते. जवळ झुडूप असेल तर वेल त्यावर थोडीफार चढते, परंतु उघड्या पुळणीवर ती जमिनीवरच गालिच्यासारखी पसरते.

पान त्रिदली म्हणजे तीन पर्णिकांचे असते. पर्णिका साधारण ५ ते १० सेंमी. लांब आणि जवळजवळ तितक्याच रुंद, जाड व चिवट असतात. टोक गोल किंवा सपाट असून अनेकदा मध्यभागी उथळ खाच पडलेली असते. मधली पर्णिका बाजूच्या दोन पर्णिकांपेक्षा लांब देठावर असते. उन्हाच्या वेळी पर्णिका मध्यशिरेवर दुमडून वर उभ्या राहतात व पानावर पडणारा प्रकाश कमी होतो. भर दुपारी पाहिलेली वेल त्यामुळे अरुंद पानांची वाटते, आणि पर्णिकेचा खरा आकार पाहायचा तर सकाळची वेळ बरी.

फुले पानांच्या बगलेतून निघणाऱ्या लांब, ताठ मंजरीवर येतात. मंजरीच्या अक्षावर ठिकठिकाणी फुगीर गाठी असतात आणि एकेका गाठीवर दोन-तीन फुले उमलतात. निदलपुंज द्विओष्ठी असतो: वरचा ओठ मोठा व दोन गोल खंडांचा, खालचा लहान व तीन बारीक दातांचा. पुष्पमुकुट पलाश उपकुलातील इतर फुलांप्रमाणे पताका, दोन पंख आणि नौतल यांनी बनलेला असून सुमारे २.५ ते ३ सेंमी. लांब असतो. घेवडा, चवळी किंवा वाटाण्याच्या फुलात पताका ही रुंद पाकळी वरच्या बाजूला उभी असते. येथे फूल देठापाशी पिळवटून उलटे झालेले असते, त्यामुळे पताका खाली पायघडीसारखी पसरते व नौतल वर येतो. पताकेवर तळाशी फिकट पांढरट डाग असतो. मधासाठी येणारे मोठे सुतारभुंगे या पताकेवर उतरतात, आणि वर असलेल्या नौतलातील पुंकेसरांचा स्पर्श त्यांच्या पाठीला होतो. परागण मुख्यतः या मोठ्या मधमाश्यांच्या गटाकडून होते.

शेंग १० ते १५ सेंमी. लांब, २ ते ३ सेंमी. रुंद, सरळ किंवा किंचित वाकलेली, थोडी चपटी पण मांसल असते. वरच्या शिवणीलगत दोन्ही बाजूंना एकेक ठळक कंगोरा शेंगेच्या पूर्ण लांबीभर धावतो. पिकलेली शेंग वाळून फिकट तपकिरी-राखाडी होते व तडकताना तिची शकले पिळवटतात. बिया लंबगोल, गुळगुळीत, कठीण कवचाच्या, तपकिरी रंगाच्या व त्यावर गडद छटांची नक्षी असलेल्या असतात. फुले व शेंगा वर्षाच्या बहुतेक काळात कमीअधिक प्रमाणात सापडतात.

ओळख आणि साम्य असणाऱ्या वेली

सर्वाधिक गोंधळ मर्यादवेलीशी होतो, आणि तोही दुरून पाहताना. मर्यादवेल (आयपोमिया पेस-काप्री) ही रताळ्याच्या कुलातील आहे. दोन्ही वेली एकाच पट्ट्यात, अनेकदा एकमेकींत गुंतून वाढतात, दोघींची फुले गुलाबी-जांभळी असतात आणि दोघींच्या पानांच्या टोकाला खाच असते. मर्यादवेलीचे पान मात्र एकच असते व त्याची खाच इतकी खोल असते की ते बकरीच्या किंवा गाईच्या दुभंगलेल्या खुरासारखे दिसते. पान तोडल्यास पांढरा चीक येतो. फूल नरसाळ्यासारखे असून फळ गोल बोंड असते. किनारी अबईचे पान हाती घेऊन तीन पर्णिका मोजल्या की शंका उरत नाही. तरीही किनाऱ्यावरील वनस्पतींच्या याद्यांत मर्यादवेलीची नोंद होते व तिच्यात मिसळलेली अबई सुटते, असे सहज घडू शकते. फुले नसताना हिरव्या गालिच्यात दोन वेली आहेत हे चालता चालता लक्षात येत नाही.

खरी कठीण जोडी आहे ती कॅनाव्हालिया कॅथार्टिका या जवळच्या जातीची. तिची फुलेही उलटी, गुलाबी-जांभळी आणि जवळजवळ त्याच आकाराची असतात. ती वालुकागिरींच्या मागील बाजूस, झुडपांच्या कुंपणांवर, खाड्यांच्या व ओढ्यांच्या काठांवर आढळते आणि जमिनीवर पसरण्याऐवजी झाडाझुडपांवर चढते. पुळणीच्या उघड्या भागातही ती अधूनमधून उतरते, त्यामुळे केवळ जागेवरून निर्णय घेणे धोक्याचे ठरते. तिची पर्णिका पातळ, अंडाकृती आणि टोकाला निमुळती असते. किनारी अबईची पर्णिका जाड, रुंद आणि बोथट असते. एखाद्याच पानावर विसंबू नये: फांदीच्या टोकाकडील कोवळी पाने दोन्ही जातींत फसवी असतात, म्हणून पूर्ण वाढलेली पाच-सहा पाने पाहावीत. शेंग मिळाल्यास प्रश्न लगेच सुटतो. कॅनाव्हालिया कॅथार्टिकाची शेंग आखूड, रुंद आणि फुगलेली असते. किनारी अबईची लांबट, तुलनेने अरुंद व काहीशी दबलेली असते. बीही बोलके असते. बीज जेथे शेंगेला चिकटलेले असते तेथे राहणारा व्रण, म्हणजे नाभी, किनारी अबईत तुलनेने आखूड असतो, तर कॅथार्टिकात तो बीजाच्या कडेचा बराच मोठा भाग व्यापतो.

भाजीची अबई म्हणजे कॅनाव्हालिया ग्लॅडिएटा. तिची तलवारीसारखी शेंग २० ते ४० सेंमी. लांब होते आणि बी मोठे, बहुधा लाल किंवा गुलाबी असते. त्याची नाभी बीजाच्या जवळजवळ पूर्ण लांबीची असते. तिचीच नातलग कॅनाव्हालिया एन्सिफॉर्मिस पांढऱ्या बियांची असते व तिची नाभी बीजाच्या साधारण निम्म्या लांबीची असते. नाशिक, पुणे, अहिल्यानगर अशा घाटावरील जिल्ह्यांत परसात किंवा कुंपणावर दिसणारी अबई या लागवडीच्या जातींपैकी असते. किनारी अबई समुद्रापासून इतक्या दूर नैसर्गिकपणे उगवत नाही. सह्याद्रीच्या जंगलांत या प्रजातीतील आणखी रानटी जाती आहेत, त्या मात्र झाडांवर चढणाऱ्या असून पुळणीशी त्यांचा संबंध नाही.

व्हिग्ना मरिना ही चवळी-मुगाच्या प्रजातीतील किनारी वेल उष्ण कटिबंधातील बेटांवर व किनाऱ्यांवर अगदी अशाच जागी वाढते. तिलाही त्रिदली पाने असतात, पण ती लहान असतात. फूल पिवळे, शेंग बोटाएवढी व गोलसर आणि बी मुगापेक्षा थोडेसे मोठे असते. फुलोऱ्यात चूक होणे शक्य नाही. फुले नसताना शेंगेचा आकार पाहावा. वाळूतच दिसणारा रानमूग (व्हिग्ना ट्रायलोबाटा) त्याहून नाजूक असून त्याच्या पर्णिका खोल खंडित असतात.

फूल उलटे आहे एवढ्यावरून घाई करू नये. बागेतील गोकर्णाचे फूलही असेच उलटे उमलते, आणि आच्छादन पीक म्हणून आणलेल्या सेंट्रोसिमा या परदेशी वेलीचेही. गोकर्णाच्या पानात पाच ते सात लहान पर्णिका असतात. सेंट्रोसिमाची शेंग अरुंद, चपटी व टोकाला लांब चोचीची असते. खाजकुयली (म्युकुना प्रुरिएन्स) गडद जांभळ्या लोंबत्या फुलांची असून तिच्या शेंगेवरील केसांमुळे अंगाला असह्य खाज सुटते. तीन पर्णिकांची अनोळखी वेल तपासताना शेंगेला हात लावण्यापूर्वी तिच्यावर केस नाहीत ना हे पाहून घ्यावे. खाडीच्या बाजूला, खारफुटीच्या कडेने चढणारी करंजवेल (डेरिस ट्रायफोलिएटा) हीसुद्धा शिंबावंत आहे. तिची पाने चकचकीत व टोकदार असतात आणि शेंग चपटी, लहान, एक-दोन बियांची असते.

नमुना नोंदवताना केवळ फुलाचे समोरून घेतलेले छायाचित्र पुरेसे नसते, कारण नेमका तोच भाग या प्रजातीत सर्वत्र सारखा दिसतो. पूर्ण वाढलेल्या पर्णिकेचे टोक, बाजूने दिसणारे फूल व त्याचा निदलपुंज, शेंगेची कड आणि शक्य असल्यास बीजाची नाभी अशी छायाचित्रे हवीत. सोबत वेल वाळूवर पसरलेली होती की झुडपावर चढलेली होती हेही लिहावे. कोकणातील नमुन्यांशी तुलना करण्यासाठी पुणे येथील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम हे वाळवलेल्या वनस्पतींचे संग्रह महत्त्वाचे आहेत.

अधिवास व प्रसार

कोकणचा किनारा सलग वाळूचा नाही. समुद्रात घुसलेली खडकाळ टोके व त्यांमधील खाड्या यांनी तो तुटक झालेला असून मधल्या कुशींत पुळणी आहेत. गोव्यात, विशेषतः दक्षिण गोव्यात कोलव्याच्या परिसरात, लांब व सलग वाळूचा पट्टा आढळतो. पावसाळ्यात उंच लाटा पुळणीची वाळू समुद्राकडे ओढून नेतात आणि पावसानंतरच्या शांत महिन्यांत ती परत येते. दरवर्षी होणाऱ्या या हालचालीपलीकडे, भरतीरेषेच्या थोडे वर, जेथे वारा वाळू साठवू लागतो, तेथे पहिल्या वनस्पती रुजतात. किनारी अबई, मर्यादवेल आणि स्पिनिफेक्स लिटोरियस हे काटेरी गोळ्यांचे गवत या पहिल्या पट्ट्यात असतात. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ शिंपर यांनी १८९१ मध्ये आशियाई किनाऱ्यांवरील या समूहाला मर्यादवेलीच्या नावाने ओळख दिली आणि ती अजून रूढ आहे. त्यामागे केवडा, निर्गुडी, उंडी यांचा पट्टा येतो.

ही जागा राहायला सोपी नाही. वाळूत पाणी टिकत नाही, पोषकद्रव्ये जवळजवळ नसतात, दुपारी पृष्ठभाग भाजतो आणि वाऱ्याबरोबर खारे तुषार येतात. जाड पर्णिका, त्यांचे दुमडणे व खोल मूळ यांमुळे वेल तग धरते. मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू हवेतील नायट्रोजनाचे स्थिरीकरण करतात. नायट्रोजनाने अत्यंत गरीब असलेल्या वाळूत ही गोष्ट तिच्या शेजाऱ्यांनाही उपयोगी पडते, कारण गळलेली पाने तेथेच कुजतात. मर्यादवेल वा स्पिनिफेक्स यांच्याजवळ अशा गाठी नसतात. मंगळूर विद्यापीठातील के. आर. श्रीधर व त्यांच्या सहकाऱ्यांनी नैर्ऋत्य किनाऱ्यावरील वालुकागिरींच्या वनस्पतींचा, विशेषतः कॅनाव्हालियाच्या दोन किनारी जातींचा, सविस्तर अभ्यास केला आहे. त्यांच्या अभ्यासात मुळांवरील जीवाणू व कवके तसेच बियांतील पोषक आणि अपायकारक घटक यांचा समावेश होतो.

बिया पाण्यावर तरंगतात. कठीण कवचातून खारे पाणी आत शिरत नाही, त्यामुळे प्रवाहांबरोबर दूर वाहून जाऊनही त्या रुजू शकतात. सागरगोटा आणि गारंबी यांच्या बियाही अशाच वाहत येतात, आणि पुळणीवर ओंडके, काड्या व शिंपल्यांच्या ओळीत या तिन्ही एकत्र सापडू शकतात. आफ्रिका, अमेरिका, आशिया व ऑस्ट्रेलिया यांच्या किनाऱ्यांवर ही एकच जाती असण्याचे कारण हे सागरी वहन होय. यामुळे एक नेहमीचा प्रश्न उद्भवतो: जिचे पहिले शास्त्रीय वर्णन वेस्ट इंडीजमधील नमुन्यांवरून झाले, ती वेल कोकणात देशी कशी? उत्तर असे की ज्या जातीचा प्रसार माणसाच्या मदतीशिवाय, स्वतःच्या नैसर्गिक साधनांनी झाला आहे, ती त्या त्या ठिकाणी देशीच मानली जाते. वर्णन कुठल्या नमुन्यावरून झाले हा इतिहासाचा योगायोग आहे. टणटणी किंवा वर उल्लेखिलेली सेंट्रोसिमा यांच्याशी तिची गणना करणे चुकीचे ठरेल.

विषारीपण व उपयोग

कॅनाव्हालिया प्रजातीच्या बियांत कॅनाव्हॅनीन हे अमिनो आम्ल असते. रचनेने ते आर्जिनीन या नेहमीच्या अमिनो आम्लासारखे असल्यामुळे शरीरातील पेशी फसतात व प्रथिने बनवताना आर्जिनीनच्या जागी ते वापरतात, आणि अशी प्रथिने नीट काम करीत नाहीत. वनस्पतीच्या दृष्टीने हा किडींपासूनचा बचाव आहे. याशिवाय बियांत रक्तपेशींना एकत्र चिकटवणारी लेक्टिन नावाची प्रथिने असतात. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध असलेल्या 'कॉनकॅनाव्हॅलिन ए' याचे नावच या प्रजातीवरून पडले आहे. ते अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ जेम्स समनर यांनी पांढऱ्या बियांच्या कॅनाव्हालिया एन्सिफॉर्मिसपासून स्फटिकरूपात मिळवले. त्याच बियांपासून १९२६ मध्ये त्यांनी युरिएज या विकराचे स्फटिक तयार केले आणि विकर ही प्रथिने असतात हे दाखवून दिले. या कार्यासाठी त्यांना १९४६ च्या रसायनशास्त्रातील नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

लेक्टिने उष्णतेने बऱ्याच अंशी निष्प्रभ होतात. कॅनाव्हॅनीन मात्र नुसत्या भाजण्याने जात नाही. ते पाण्यात विरघळते, म्हणून बिया भिजवून, उकळून ते पाणी टाकून देणे आवश्यक ठरते. भाजीच्या अबईच्या कोवळ्या शेंगा खाल्ल्या जातात यावरून किनाऱ्यावरची पक्की बीही तशीच खाता येईल असा समज करून घेणे अपायकारक आहे. नक्षीदार बिया मुलांना खेळण्यासाठी आकर्षक वाटतात, तेव्हा त्या तोंडात घातल्या जाणार नाहीत हे पाहावे. रानातल्या कडधान्यांत प्रथिने भरपूर असल्याने भविष्यातील अन्न म्हणून या जातीकडे संशोधकांचे लक्ष गेले आहे, परंतु तो विषय प्रक्रिया करण्याच्या पद्धतींचा आहे, थेट वेचून खाण्याचा नव्हे.

वालुकागिरी आणि संवर्धन

पसरलेल्या फांद्या व पाने वाऱ्याचा वेग जमिनीलगत कमी करतात, त्यामुळे वाऱ्याबरोबर आलेली वाळू वेलीच्या आत पडून राहते. वेल थोडी गाडली गेली की तिची टोके पुन्हा वर येतात आणि ढीग आणखी वाढतो. वालुकागिरीची सुरुवात अशा लहान उंचवट्यांपासून होते. पुढे हेच उंचवटे वादळी लाटांच्या वेळी मागील नारळाच्या वाड्या, विहिरी व वस्ती यांना आडोसा देतात. दापोली तालुक्यातील केळशी येथील वाळूची मोठी टेकडी पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील संशोधकांनी अभ्यासली आहे. किनाऱ्यावरील वाळूत मागील काळातील सागरी घडामोडींचा पुरावाही साठलेला असतो, हे त्या अभ्यासामुळे चर्चेत आले.

ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे वेळास, आंजर्ले, मोरजी, गालजीबाग अशा पुळणींवर अंडी घालतात. वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून घरट्यांच्या रक्षणाचे काम सुरू केले. घरटी बहुधा भरतीरेषेच्या वर, वेलींच्या पट्ट्याजवळच्या वाळूत असतात, म्हणजे किनारी अबई व कासवे यांना लागणारी जागा जवळपास एकच आहे. पुळण 'स्वच्छ' करण्याच्या नावाखाली यंत्राने वाळू खरवडली जाते, तेव्हा प्लॅस्टिकबरोबर या वेलीही निघून जातात. पर्यटकांना मोकळी वाळू आवडते हे खरे; पण वेलीविरहित पुळण ही स्वच्छ पुळण नव्हे, ती उघडी पडलेली पुळण होय.

किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने वालुकागिरींची काटछाट करण्यास किंवा त्यांचे स्वरूप बदलण्यास मनाई केली. २०११ च्या आणि त्यानंतर २०१९ च्या अधिसूचनेत वालुकागिरींचा समावेश पर्यावरणदृष्ट्या सर्वाधिक संवेदनशील अशा पहिल्या वर्गात करण्यात आला. गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी किनाऱ्यावरील बांधकामांमुळे वालुकागिरी सपाट होत असल्याकडे वारंवार लक्ष वेधले आहे. वालुकागिरी कोठे सुरू होते व कोठे संपते हा वादाचा मुद्दा असतो, आणि सपाट केलेल्या जागी पूर्वी वालुकागिरी होती हे दाखवताना उरलेल्या वेलींचे पुरावे कामी येतात. अशा वेळी मर्यादवेल, किनारी अबई व स्पिनिफेक्स यांची अचूक नोंद असलेली वनस्पतींची यादी केवळ 'किनाऱ्यावरील वेली' अशा मोघम नोंदीपेक्षा कितीतरी अधिक उपयुक्त ठरते.

कोकणात अनेक ठिकाणी वारा अडवण्यासाठी सुरूची लागवड झाली आहे. सुरूच्या गळलेल्या सुयांचा जाड थर व सावली यांमुळे खालच्या वाळूत इतर वनस्पती फारशा रुजत नाहीत, आणि लागवड भरतीरेषेजवळ आली की वेलींचा मूळ पट्टाच नाहीसा होतो. वालुकागिरींचे पुनरुज्जीवन करताना समुद्राकडील बाजूस किनारी अबई व मर्यादवेल आणि मागे स्थानिक झुडपे अशी रचना म्हणूनच अधिक सयुक्तिक मानली जाते. किनारी अबईची लागवड बियांपासून करता येते. कवच फार कठीण असल्याने बी नाभीच्या विरुद्ध बाजूस हलके घासून, रात्रभर पाण्यात भिजवून पेरल्यास ते लवकर रुजते. त्यासाठी बिया त्याच किनाऱ्यावरून, वेलीवर पुरेशा शेंगा शिल्लक ठेवून गोळा कराव्यात, आणि त्या कॅनाव्हालिया कॅथार्टिकाच्या नाहीत याची शेंगेवरून खात्री करून घ्यावी, कारण ती वेल वाळूवर पसरण्याऐवजी मागील झुडपांवर चढून बसते.